दोन गाठींचं फडकं

दसऱ्याच्या आधीचा रविवार, सकाळी साडेसात. ठिकाण: पुंडलिकनगरमधल्या आमच्या घराचं मागचं अंगण. हजर: बाबा, आई, यूनुसभाई मेकॅनिक, मी आणि गाडी. गैरहजर: गाडीचे तिन्ही कार्बोरेटर, कारण ते स्वयंपाकघरात आमच्या पुरणाच्या पातेल्यात सोडा घालून उकळत होते.

ही नोंद माझ्या तेव्हाच्या वहीतली आहे. शेवटचं वाक्य मी तेव्हा गमतीनं लिहिलेलं नाही. मी तेरा वर्षांची होते आणि मला कशाचीच गंमत वाटत नव्हती, फक्त किळस वाटत होती. आई पदर नाकाला लावून पातेल्याकडं बघत उभी होती. पाण्यावर काळा तवंग आला होता आणि त्यातून वार्निशासारखा, कुजक्या डिंकासारखा वास घरभर पसरत होता. "दसऱ्याला पुरण कशात शिजवू, तेवढं सांगा," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "घासून घे की. लोखंड काय विटाळतं व्हय?" आईनं ते पातेलं घासलं, चिंचेनं घासलं, राखेनं घासलं आणि शेवटी अंगणात गाडीपाशी नेऊन आदळलं. त्या वर्षी आमच्याकडं दसऱ्याला श्रीखंड झालं.

गाडी विलायती होती. दोन दारं, दोनच सीटं, पुढं लांबलचक बॉनेट आणि त्याखाली सहा सिलिंडरांचं इंजिन. बाबांनी ती दौलताबादजवळच्या एका शेतातून आणली होती. तिथं ती कितीतरी वर्षं कडब्याखाली उभी होती. निजामाच्या काळातल्या कुठल्या तरी बड्या घराण्यातून फिरत फिरत ती त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात कशी पोचली, याच्या बाबांकडं चार वेगवेगळ्या कथा होत्या. मला माहीत होतं ते इतकंच, की ट्रॅक्टरनं ओढत ती घरी आली तेव्हा डॅशबोर्डमागं उंदरांचं घर होतं. घर म्हणजे सीटातला काथ्या, कडबा, साडीच्या चिंध्या आणि मधोमध सहा लालसर, केस नसलेली पिल्लं. बाबांनी ती हातानं उचलून कुंपणापलीकडं ठेवली, हात पँटला पुसला आणि त्याच हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. म्हणाले, "ताशी दीडशेनं पळायची म्हणं ही." मी जाऊन केस धुतले. शेजारच्या काळेकाकूंनी भिंतीवरून पाहिलं आणि गाडीचं नाव लालपरी ठेवलं. "आली का तुमची लालपरी? कन्नडला थांबती का?" बाबांना हे लई लागायचं. लाल रंग सोडला तर एसटीत आणि तिच्यात काही साम्य नाही, असं ते काकूंना दर वेळी गंभीरपणे समजावून सांगायचे.

बेत असा होता: भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं आणि कन्याकुमारीला जाऊन यायचं. सीटं दोनच असल्यामुळं बाबांबरोबर एकच माणूस जाणार होता. आईनं आधीच हात वर केले होते. "मला त्या डबड्यात बसून समुद्र बघायचा नाय." बाबा म्हणाले, "मग जो कामाचा ठरंल तो बसंल शेजारी." मी कामाची ठरायचं ठरवलं. आमच्या घरात याद्या करणारी मी एकटीच होते. वाण्याची यादी, धोब्याची यादी, कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं त्याची यादी, सगळं माझ्याकडं असायचं. गाडीसाठी मी दोनशे पानी वही केली. मुक्काम लिहिले, पंपांची अंतरं लिहिली, सोबत घ्यायचे सुटे भाग लिहिले. प्रत्येक ओळीपुढं एक चौकोन काढला आणि काम झालं की त्यात खूण करायची, असा नियम केला. मला समुद्र कधीच दिसला नव्हता. शाळेतल्या नकाशावर तीन समुद्र एकत्र मिळतात ती जागा मी बोटानं इतकी चोळली होती, की तिथला कागद पांढरा झाला होता. बाबांच्या शेजारचं, डावीकडचं सीट, फाटलेलं, उंदरांनी पोखरलेलं, मला हवं होतं. इतकं मला त्याआधी काहीच हवं नव्हतं आणि त्यानंतरही फार थोड्या गोष्टी हव्या झाल्या.

पण त्या सीटापर्यंत जायचा रस्ता घाणीतून होता. टाकीतलं जुनं पेट्रोल बाबांनी नळी लावून तोंडानं ओढून काढलं. दोनदा तोंडात आलं, दोनदा तुळशीपाशी थुंकले. त्या संध्याकाळी जेवताना त्यांच्या श्वासाला पेट्रोलचा वास होता आणि ते मजेत वरणभात कालवत होते. न्हाणीघरात रॉकेलच्या परातीत बेअरिंगं भिजत. टॉवेलांना ग्रीस, दाराच्या कडीला ग्रीस, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर बाबांच्या अंगठ्याचा काळा ठसा. आणि या सगळ्याच्या मधोमध यूनुसभाई.

यूनुसभाईंचं गॅरेज क्रांती चौकाच्या मागच्या एका बोळात होतं. असल्या गाड्यांचं काम गावात फक्त तेच जाणत, असं बाबा म्हणत, आणि ते खरं होतं. उंच, वाकलेले, मेंदी लावून केशरी झालेले केस. गालात कायम पान. त्यांची एक-एक सवय मी मनात लिहून ठेवली होती. फटीचं माप घ्यायची पातळ पत्र्यांची एक जुडी त्यांच्याकडं असायची. त्यातल्या सगळ्यात पातळ पत्र्यानं ते कान कोरायचे आणि तोच पत्रा पुसून इंजिनात घालायचे. तेल कसं आहे ते बघायला ते जिभेवर घ्यायचे. दुपारी डबा उघडायचे. घरून नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, आलेला असायचा, वर लाल तर्री. मला ती तर्री आणि ड्रेन केलेलं ऑईल एकाच जातीचं दिसायचं. "खाव बेटा, शरमाव नक्को," असं म्हणत ते काळ्या बोटांनी नानचा तुकडा मोडून माझ्यापुढं धरायचे. मी म्हणायचे, माझा उपास आहे. "रोज उपास? बडी अल्लावाली है तुम्हारी बेटी, साब." बाबा हसायचे आणि तो तुकडा स्वतः खायचे.

आज मी पन्नाशीला आले आहे आणि खलिया फार आवडीनं खाते. तेव्हा तो तुकडा घेतला असता तर पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं, असं मला वाटतं. त्यांच्या जवळ बसायची सवय तरी झाली असती.

दसरा झाला. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, इंजिन सुरू झालं आणि साऱ्या गल्लीतले लोक जमा झाले. काळेकाकूही आल्या आणि त्यांनी पेढा खाल्ला. आता फक्त शेवटची कामं उरली होती. तेवढ्यात यूनुसभाईंना भाचीच्या लग्नासाठी आठवडाभर जालन्याला जावं लागलं. जाताना ते बाबांना म्हणाले, "साब, ब्रेक का काम मैं आके देखतूं. तब तक उसकू हात नक्को लगाव." बाबा म्हणाले, "हौ हौ."

त्या आठवड्यात दिवाळीचा फराळ सुरू झाला. आई चकल्या तळत होती आणि तळणीच्या वासात मागच्या अंगणातला ऑईलचा वास मिसळत होता. मला ते सहन होईना. अंगणातल्या फळीवर यूनुसभाईंचे तेलाचे डबे होते. पत्र्याचे, पोचे आलेले, बाहेरून चिकट, लेबलं केव्हाच गळून गेलेली. प्रत्येकाच्या कडीला एक घाणेरडं फडकं गुंडाळलेलं, काळं, कडक झालेलं, त्यावर मेलेल्या माश्या चिकटलेल्या. मी ठरवलं की हे नीट लावायचं. आईकडून काचेच्या रिकाम्या बरण्या घेतल्या, गरम पाण्यानं धुतल्या, उन्हात वाळवल्या. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. कात्रीनं सगळी फडकी कापली, काठीनं उचलून कचऱ्यात टाकली. मग एकेक डबा स्वच्छ फडक्यातून गाळून बरणीत ओतला आणि चौकोनी कागदावर सुरेख अक्षरात नावं लिहून खळीनं चिकटवली. इंजिन ऑईल काळपट होतं, ते कळलं. उरलेल्या दोन डब्यांत जवळजवळ सारखंच फिकट पिवळं तेल होतं. एक ब्रेकचं, एक जॅकचं, हे मला माहीत होतं. कुठलं कोणतं, ते माहीत नव्हतं.

विचारता आलं असतं. यूनुसभाई चार दिवसांनी येणारच होते. पण विचारायचं म्हणजे त्यांच्या जवळ जायचं, ते पान थुंकणार, मग बोट बुडवून चाटणार, मग ते बोट माझ्या स्वच्छ बरणीला लागणार. आणि माझ्या वहीत "तेलं लावणे" या ओळीपुढचा चौकोन रिकामा होता. मी एका बरणीवर 'ब्रेक' लिहिलं, दुसरीवर 'जॅक'. चौकोनात खूण केली. सगळ्या बरण्या एका रांगेत, उजेडात सोन्यासारख्या चमकत होत्या. बाबा घरी आले, बघतच राहिले. "मंगल," त्यांनी आईला हाक मारली, "ये, बघ तुझ्या पोरीनं काय केलंय. दवाखाना केलाय दवाखाना!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ठरलं. शेजारी तूच."

त्याच संध्याकाळी बाबांनी ब्रेकला हात लावला. पेडल जरा खाली जातंय म्हणाले, तेल घातलं, चाकापाशी हवा काढायचं निपल ढिलं करून मला पेडल दाबायला लावलं, पुन्हा घातलं, पुन्हा दाबायला लावलं. अर्धी बरणी संपली. पेडल छान कडक झालं. मी वहीत लिहिलं: ब्रेक, झाले.

तीन दिवसांनी, रविवारी, आम्ही दोघं चाचणीला निघालो. दौलताबादच्या जुन्या वेशीतून गाडी गेली तेव्हा आवाज असा घुमला, की सीताफळवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. वर खुलताबादपर्यंत गेलो. माझ्या मांडीवर वही होती, केस तोंडावर येत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या गाडीचा वास आला नाही. परत येताना घाट उतरायला लागलो आणि जळका वास आला. बाबा म्हणाले, "चाक धरतंय जरा." मग म्हणाले, "आता सोडलं." मग नुसतं पेडल दाबत राहिले. त्यांचा पाय जमिनीपर्यंत जात होता आणि पेडल त्याच्याबरोबर. वळणावर त्यांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात गाडी घातली. बॉनेट दुमडलं. बाबांचं मनगट मोडलं. मला खरचटलंही नाही. मी उतरले आणि वहीवरच ओकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यूनुसभाई आले. लग्नाची मेंदी ताजी होती, नवा कुर्ता होता. बाबा हात गळ्यात बांधून पायरीवर बसले होते. आई दारात, मी तिच्या मागं. काळेकाकू भिंतीवरून बघत होत्या, पण त्या दिवशी त्यांनी काही टोमणा मारला नाही.

"तू बसवलेल्या ब्रेकच्या रबरांनी मारलं असतं रे आम्हाला," बाबा म्हणाले. बाबांनी त्यांना कधी अरे म्हटलं नव्हतं. "माझी पोर व्हती शेजारी!"

यूनुसभाई सरळ, रात्री ट्रॅक्टरनं ओढून अंगणात आणलेल्या गाडीकडं गेले. बॉनेटाखाली वाकून त्यांनी ब्रेकच्या तेलाच्या भांड्याचं झाकण काढलं. आतलं रबर फुगून मऊ झालं होतं, भिजलेल्या चिंचोक्यासारखं. त्यांनी बोट बुडवलं, चोळलं, चाटलं, थुंकले. मग फळीकडं बघितलं. बरण्यांची रांग बघितली.

"बेटी, पानी लाव. दो गिलास. काच के."

मी आणले. त्यांनी एका पेल्यात 'जॅक' लिहिलेल्या बरणीतलं थोडं तेल ओतलं. ते पाण्यात विरघळून गेलं, सरबतासारखं. दुसऱ्यात 'ब्रेक'मधलं ओतलं. ते वर तरंगलं. पेला हलवला तरी तरंगतच राहिलं.

"ब्रेक का तेल पानी में मिल जाता, साब. ये नई मिल रा. ये जॅक का है. जॅक का तेल ब्रेक में डाले तो रबर फूल जाता. मैं बोला था ना, ब्रेक कू हात नक्को लगाव."

"कमी झालं तर घालायचं नाय का? बरणीवर ब्रेक लिहिलंय की! वाच!" बाबा म्हणाले.

"मेरे कू तुम्हारा लिखा पढना नई आता. मैं फडका बांधता. एक गाठ इंजिन, दो गाठ ब्रेक, गाठ नई तो जॅक. अंधारे में बी हात कू समझता." त्यांनी फळीखाली, डब्यांमागं पाहिलं. "मेरे फडके कहाँ हैं?"

मग बाबा माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "कुणी सांगितलं तुला, कशात काय हाय ते? ज्यानं ही चूक केली, त्यानं आपल्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाय, आणि तिच्यात बसायचं तर नाहीच."

त्या वाक्याचा दुसरा भाग मी ऐकला. गाडी दुरुस्त होणार होती, दिवाळी नाही तर नाताळात आम्ही जाणारच होतो, सीट तिथंच होतं. मी म्हणाले, "यूनुसभाईंनी."

"मैंने?"

"जालन्याला जायच्या आधी. तुम्हीच दाखवलं होतं, या डब्यातलं ब्रेकचं."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ घाण पाहिली. सासऱ्यांच्या जखमा धुतल्या, गटारं उपसून घेतली, नळाला आलेलं गढूळ पाणी गाळून ठेवते. पण त्या सकाळी माझ्या तोंडातून निघालेल्या त्या वाक्याइतकं ओंगळ काही पाहिलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ते नीटनेटकं होतं. त्यात डबा होता, दिवस होता, सगळं जागच्या जागी.

यूनुसभाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. चुकीचा पाना हातात आल्यावर माणूस जसं त्या पान्याकडं बघतो तसं. मग म्हणाले, "हौ. बोला होंगा." पाने गोळा केले, पेटी सायकलला बांधली. आईला "सलाम, भाभी" म्हणाले आणि गेले. बाबांनी मनगट सांभाळत ते दोन्ही पेले मोरीत ओतले.

आईनं ते पेले घासले नाहीत. तिनं ते उचलून कचऱ्यात टाकले, तिथं, जिथं मी फडकी टाकली होती. "पिशव्या बांधल्या होत्यास ना हातांना," एवढंच म्हणाली. तिनं मला फडकी कापताना पाहिलं होतं. बाबांना तिनं ते कधीच सांगितलं नाही. गाडीची आणि त्या प्रवासाची पीडा टळली म्हणून, की माझ्यासाठी, हे मी तिला ती असेपर्यंत विचारलं नाही.

गाडी दुरुस्त झाली नाही. दुसरा कुणी मेकॅनिक तिला हात लावेना. दोघं येऊन बघून गेले, म्हणाले, हे यूनुसभाईंचं काम आहे, त्यांनाच बोलवा. बाबांनी ताडपत्री आणून तिच्यावर टाकली. 'ब्रेक फेल' म्हणत औरंगाबादेत यूनुसभाईंची टिंगल होत राहिली, असं मी पुढं कॉलेजात असताना ऐकलं. मी समुद्र पाहिला तो लग्नानंतर, रेल्वेनं जाऊन, आणि डब्यात खिडकी मिळाली नव्हती.

आता माझा मुलगा ओंकार, सव्वीस वर्षांचा, दोन वर्षांपासून त्या गाडीमागं लागला आहे. ताडपत्री निघाली, रंग झाला, इंजिन सुरू होतं, गल्लीतली पोरं तिचे व्हिडिओ काढतात. दिवाळीनंतर कन्याकुमारी. शेजारी कोण, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तूच. बाबांना ढाब्यावरचं पचत नाही." त्याचे बाबा म्हणजे माझा नवरा. यादी अर्थातच मी केली आहे. चौदा ओळी. कागदपत्रं, टायर, फॅनबेल्ट, औषधं, मुक्काम, तेरा ओळींपुढं खूण झाली आहे.

राहिलेली, पहिली ओळ ब्रेकची आहे. मोठ्या वर्कशॉपांनी नको म्हटलं. गेल्या आठवड्यात ओंकार विचारत विचारत क्रांती चौकामागच्या एका बोळात पोचला. "म्हातारे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं त्यांना," तो सांगत होता. "पण रबर हातात घेऊन साल सांगतात, आई! फक्त काय घाण कारभार आहे गं तिथं. एकाही डब्यावर लेबल नाही. सगळ्यांना आपल्या चिंध्यांच्या गाठी मारून ठेवल्यात. कोणाची गाडी विचारलं, मी आजोबांचं नाव सांगितलं. तर म्हणाले, घर में किसी बडे कू भेजो. तू ओळखतेस का त्यांना?"

"ओळखते," मी म्हणाले.

मी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली: यूनुसभाईंकडं जाणे, सांगणे. पुढं चौकोन काढला. काल ओंकारनं वही पाहून विचारलं, बाकी सगळं झालं, पहिलंच काम कसं राहिलं? मी म्हटलं, शुक्रवारी त्यांचं बंद असतं.

आज शनिवार आहे.